पेत्र गिंझ याचें दप्तर

जन्मतारीख ठाऊक, प्रस्थानाची तारीख ठाऊक, आणि मरणाची तारीख मात्र कोणत्याहि कागदांत नाहीं, अशा पुरुषाशीं गांठ पडणें हें जुन्या दप्तरांत वावरणाऱ्यांस नवें नाहीं. पानिपताकडे गेलेल्या व न परतलेल्या कित्येकांचीं नांवें आपल्या कागदांत अशींच मध्येंच थांबलेलीं आहेत. प्रस्तुत लेखांत ज्याच्या कागदांची छाननी करावयाची तो शिपाई नव्हता कीं सरदार नव्हता. तो प्राग शहरांतील एक शाळकरी मुलगा होता. त्याच्या हातची रोजनिशी, त्यानें चालविलेल्या साप्ताहिकाचीं पानें व त्यानें काढलेलीं चित्रें हें एक दप्तर. आणि ज्यांनीं त्याला नाहींसा केला त्यांच्या कचेऱ्यांसाठीं झालेल्या याद्या हें दुसरें. ह्या दोहोंचा मेळ घातला असतां काय सिद्ध होतें, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

हा प्रश्न केवळ पंडितांच्या करमणुकीचा नव्हे. दुसऱ्या महायुद्धांत यहुद्यांचा संहार झालाच नाहीं, किंवा झाला तो सांगतात तेवढा झाला नाहीं, असें म्हणणारे लोक आजहि आहेत. आणि 'अमक्याच्या मृत्यूचा दाखला दाखवा' हा त्यांचा नेहमींचा डाव आहे. पेत्रच्या मृत्यूचा छावणींत लिहिलेला दाखला नाहीं. तेव्हां दाखल्याच्या अभावाचा अर्थ कसा लावावयाचा हें त्याच्या उदाहरणावरून जितकें स्पष्ट होतें तितकें दुसऱ्या क्वचितच होईल.

पेत्र गिंझ याचा जन्म १ फेब्रुवारी १९२८ रोजीं प्राग येथें झाला. वडील ओट्टो गिंझ हे यहुदी असून कापडाच्या व्यापारांतील एका पेढींत अधिकारी होते. आई मारी ही कॅथलिक ख्रिस्ती. उभयतांस एस्पेरान्तो या कृत्रिम भाषेचा नाद होता व त्यांची ओळखहि त्या भाषेच्या संमेलनामुळेंच झाली. पेत्रच्या पाठची बहीण एव्हा ही १९३० सालची. मुलगा लेखणीचा विलक्षण. आठव्या वर्षापासून चौदाव्यापर्यंत त्यानें ज्यूल व्हर्नच्या वळणावर पांच कादंबऱ्या लिहिल्या व त्यांना चित्रेंहि स्वतःच काढलीं. त्यांपैकीं आज एकच हातीं आहे. तिचा विषय प्रागैतिहासिक काळांतून आलेला एक प्राणी व स्थळ आफ्रिकेंतील काँगो देश.

१५ मार्च १९३९ रोजीं जर्मन सैन्य प्रागमध्यें शिरलें. १९४० च्या शरदापासून यहुदी मुलांना चेक शाळांची दारें बंद झालीं, म्हणून पेत्र याखिमोवा रस्त्यावरील यहुदी शाळेंत जाऊं लागला. त्याची रोजनिशी सुरू होते ती १९ सप्टेंबर १९४१ या दिवशीं. स्वतः बांधलेल्या लहान वह्यांतून ती लिहिलेली आहे. आरंभाची ही तारीख आगंतुक नव्हे. यहुद्यांनीं छातीवर पिवळी तारका लावावी असा जो हुकूम त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेस निघाला होता त्याचा अंमल १९ सप्टेंबरपासूनच सुरू झाला. पहिल्याच नोंदींत मुलगा तें सांगतो. शाळेच्या वाटेवर तारका लावलेले ६९ लोक दिसले अशी त्यानें मोजदाद केली आहे, आणि अमेरिकन गोष्टींतील फौजदारांच्या बिल्ल्यावरून त्यांना थट्टेचें नांवहि दिलें आहे. तारकांची जेथें दाटी होई त्या एका रस्त्यास लोक आकाशगंगा म्हणूं लागले, हेंहि तो टिपून ठेवतो. ज्या कागदाची तारीख बाहेरच्या पुराव्याशीं जुळते आणि ज्यांत लेखकास फायद्याची अशी कोणतीच बाब नाहीं, त्या कागदाची विश्वसनीयता आपण किती मानतों हें वाचक जाणतातच.

या रोजनिशीची भाषा पाहिली म्हणजे मला जेधे शकावलीची आठवण होते. सकाळीं शाळा, दुपारीं घर, अमक्यास पाठवणीचें बोलावणें आलें, तमक्याकडून वाद्यें काढून घेतलीं; एक ओळ, फार तर दोन. विलाप कोठेंहि नाहीं. २७ मे १९४२ रोजीं हाइड्रिख या जर्मन अधिपतीवर प्रागमध्यें हल्ला झाला व ४ जूनला तो मेला. त्या सुमारास रोज जाहीर होणाऱ्या, गोळ्या घालून मारलेल्या लोकांच्या याद्याहि या मुलाच्या वहींत त्याच निर्विकार लेखणीनें उतरल्या आहेत. कांहीं वाचकांना हा कोरडेपणा खटकतो असें मीं ऐकलें आहे. माझ्या मतें रोजनिशीचें बळ त्यांतच आहे. मागाहून आठवून लिहिणारा मनुष्य घटनांची निवड करतो, लहानमोठेपणा ठरवितो. ह्या मुलानें तसें कांहीं केलेलें नाहीं. वर्गांतील सोबती एकामागून एक नाहींसे होतात तें त्यानें हजेरी मांडावी तसें मांडलें आहे. तीस वर्षें हजेरीपट भरलेल्या माणसाला नांवापुढची रिकामी चौकट काय सांगते तें निराळें समजावून द्यावें लागत नाहीं.

रोजनिशी ऑगस्ट १९४२ मध्यें थांबते. ऑक्टोबरांत पेत्रला बोलावणें आलें. त्याचें कारण कायद्यांत सांपडतें. मिश्र विवाहाच्या ज्या संततीची नोंद यहुदी समाजांत होती तिला जर्मन कायदा यहुदीच धरी, आणि अशीं मुलें चौदा वर्षांचीं झालीं म्हणजे त्यांची रवानगी होई. ख्रिस्ती पत्नीमुळें वडिलांवरचें संकट कांहीं काळ टळलें होतें. मुलांवरचें टळलें नाहीं. एव्हा १९४४ च्या फेब्रुवारींत चौदा वर्षांची झाली आणि मे महिन्यांत तिचीहि पाठवणी झाली, यावरून नियम किती काटेकोरपणें पाळला जात असे तें दिसेल. स्वतःच्या प्रस्थानाची हकीकत पेत्रनें पुढें छावणींत लिहिली. बरोबर काय घेतलें तें त्यांत आहे: पुष्कळसे कागद, ठसे कोरण्यासाठीं लिनोलियम व सुऱ्या, आणि अपुरी राहिलेली एक कादंबरी.

जेथें त्याला नेलें तें तेरेझीन हें प्रागच्या उत्तरेस सुमारें साठ किलोमीटरांवरचें एक तटबंदीचें गांव. सम्राट् दुसरा जोसेफ यानें १७८० सालीं आपली आई मारिया टेरेझा हिच्या नांवानें हा किल्ला बांधावयास घेतला. नोव्हेंबर १९४१ पासून जर्मनांनीं त्याचा यहुद्यांसाठीं कोंडवाडा केला. सुमारें १,४०,००० माणसें तेथें आणलीं गेलीं. त्यांतील सुमारें ३३,००० तेथेंच उपासमारीनें व रोगानें मेलीं आणि सुमारें ८८,००० पूर्वेकडे पाठविलीं गेलीं. ह्या सर्व जाण्यायेण्याची नोंद ठेवण्याची पद्धत अशी कीं, प्रत्येक पाठवणीस लॅटिन अक्षरांची एक खूण आणि पाठवणींतील प्रत्येक माणसास एक अनुक्रमांक. अक्षरें व आंकडा मिळून माणसाची ओळख. नांव त्याच्या मागाहून. गांवांतील रस्त्यांचींहि नांवें आरंभीं काढून टाकलेलीं होतीं. लांबीच्या रस्त्यांस 'एल्', आडव्यांस 'क्यू' व पुढें क्रमांक. म्हणून कागदांत 'एल् ४१७' असें आलें म्हणजे तें लांबीच्या चौथ्या रस्त्यावरचें सतरावें घर, चारशें सतरावें घर नव्हे. ही खूण न कळल्यास घोटाळा होतो म्हणून सांगितली.

हें एल् ४१७ म्हणजे युद्धापूर्वींची गांवची शाळा. तींत मुलग्यांची वसतिगृहें केलेलीं होतीं. पहिल्या खोलींत वाल्तर आयझिंगर नांवाचे तरुण शिक्षक मुलांबरोबरच राहत. शिकविण्यास बंदी होती, त्यांनीं शिकविलें. त्यांच्या प्रोत्साहनानें खोलींतल्या मुलांनीं 'वेदेम' म्हणजे 'आम्ही पुढें नेतों' या नांवाचें साप्ताहिक काढलें. १८ डिसेंबर १९४२ पासून जवळजवळ दोन वर्षें तें चाललें. संपादक पेत्र गिंझ, वय चौदा ते सोळा. अंकाची प्रत एकच निघे आणि शुक्रवारीं रात्रीं ती मोठ्यानें वाचली जाई. आरंभींचे अंक टंकलिखित आहेत; यंत्राची फीत संपल्यावर पुढचे हातानें लिहिलेले. लेखांचा तुटवडा पडला म्हणजे संपादक स्वतःच 'अकादमी' या टोपणनांवानें जागा भरून काढी. चालकांना हा अनुभव नवा नसावा. एकूण सुमारें ८०० पानें शिल्लक आहेत, आणि तीं शिल्लक राहिलीं ती गोष्टहि नोंदण्याजोगी आहे. त्या खोलींतला सिडने टाउसिग हा एकच मुलगा शेवटपर्यंत तेरेझीनमध्यें उरला. त्याचा बाप लोहारकाम करी. त्या लोहारशाळेंत त्यानें सर्व पानें लपवून ठेविलीं व मुक्ततेनंतर प्रागला आणलीं. त्या खोलींतून गेलेल्या सुमारें शंभर मुलांपैकीं पंधरा वांचलीं.

पेत्रच्या तेरेझीनमधील कागदांत एक प्रकार मला विशेष मोलाचा वाटतो. महिन्याच्या आरंभीं काय करावयाचें याचा बेत आणि शेवटीं काय झालें याचा अहवाल तो लिहून ठेवी. जून १९४४ च्या अहवालांत शिळाछापाचें काम, आशियाचा प्राकृतिक नकाशा पुरा, जगाचा नकाशा मर्केटरच्या पद्धतीनें सुरू, अशा बाबी आहेत. वाचनांत सेनेकाचीं पत्रें, जॅक लंडन, वेल्स आणि देकार्तच्या ग्रंथाचा कांहीं भाग आहे. अभ्यासांत प्राचीन राष्ट्रें: मिसरी, हिंदी, फिनिशियन, यहुदी, ग्रीक, पारशी. आणि भूगोलांत अरबस्थान, हॉलंड व चंद्र. उपासमारीच्या गांवांत सोळा वर्षांचा मुलगा आमच्या पूर्वजांविषयीं काय वाचीत होता हें जाणण्याची इच्छा कोणासहि होईल. पण चंद्राचा भूगोल ही बाब थट्टेची नव्हे. तिचा पुरावा चित्ररूपानें उरला आहे. चंद्राच्या करवती डोंगरांवरून क्षितिजावरची पृथ्वी दिसते आहे, असें एक पेन्सिलीचें चित्र त्यानें तेरेझीनमध्यें काढलें.

आतां शेवटची तारीख. २८ सप्टेंबर १९४४ रोजीं 'ई-के' या खुणेची पाठवणी तेरेझीनहून आउश्विट्झकडे निघाली. तींत २,४९९ माणसें होतीं. पेत्र गिंझ त्यांतला एक. त्या दिवसापासून २८ ऑक्टोबरपर्यंत अशा अकरा पाठवण्या होऊन १८,४०२ माणसें गेलीं. पहिल्या दोहोंत बहुतेक काम करण्याच्या वयाचे पुरुष होते. नवी श्रमछावणी उभारावयाची आहे असें त्यांना सांगण्यांत आलें होतें. त्या दिवसाचा दुसरा एक समकालीन कागद आहे, तो म्हणजे चौदा वर्षांच्या एव्हाची रोजनिशी. गाडीपाशीं जाऊन तिनें भावाला खिडकींतून पाव दिला. यादी आणि रोजनिशी यांचा येथें तारखेपर्यंत मेळ बसतो. आणि एक शत्रूच्या कचेरीसाठीं झालेली, दुसरी बहिणीच्या हातची, म्हणून या दोन साक्षी परस्परांपासून स्वतंत्र आहेत.

यापुढें कागद मूक होतात. आक्षेपकाचा मुद्दा येथेंच सुरू होतो: आउश्विट्झच्या मृत्युनोंदींत पेत्र गिंझ हें नांव नाहीं. आपल्या मीमांसकांनीं अनुपलब्धि हें निराळें प्रमाण मानलें, पण त्याला एक अट घातली. जमिनीवर घट दिसत नाहीं म्हणून घट नाहीं असें म्हणावयाचें, तर घट असता तर तो दिसलाच असता अशी परिस्थिति हवी. उजेड हवा, डोळे हवे. अंधारांत घट न दिसणें हें कांहींच सिद्ध करीत नाहीं. ह्याला योग्यानुपलब्धि म्हणतात. इतिहाससंशोधनांत या अटीचा जितका विसर पडतो तितका दुसऱ्या कशाचाहि पडत नसेल.

ही अट लावून पाहूं. आउश्विट्झच्या मृत्युनोंदींचे जे ४६ खंड उरले आहेत त्यांत सुमारें ६९,००० मृत्यु असून त्यांचा काळ २९ जुलै १९४१ ते ३१ डिसेंबर १९४३ हा आहे. पेत्र गेला तो १९४४ च्या सप्टेंबराच्या अखेरीस. ज्या वहीचीं पानें नऊ महिने आधींच संपलीं तींत त्याचें नांव नसणें हा अंधारांतला घट झाला. दुसरें, छावणींत क्रमांक देऊन दाखल केलेले बंदी सुमारें चार लाख. तेथें नेलेलीं माणसें तेरा लाख. गाडींतून उतरवून थेट वायुगृहाकडे नेलेल्यांना क्रमांक देण्याची रीतच नव्हती. तेव्हां बंद्यांच्या नोंदींत नांव नसणें ही मारेकऱ्यांच्या पद्धतीची स्वाभाविक निष्पत्ति होय. ती जिवंतपणाची खूण नव्हे. शिवाय जानेवारी १९४५ मध्यें छावणी सोडण्यापूर्वीं तेथील कागद मोठ्या प्रमाणांत जाळण्यांत आले.

उलट पक्षींहि सावधगिरी हवी. 'ई-के' पाठवणींत नांव आहे एवढ्यावरून मृत्यु सिद्ध होत नाहीं, कारण तींतील कांहीं पुरुषांना आउश्विट्झहून पुढें श्रमछावण्यांत धाडलें गेलें व त्यांतले थोडे जगलेहि. मग प्रकाश कोठें आहे? तो आहे मे १९४५ नंतरच्या प्रागमध्यें. वडिलांना फेब्रुवारी १९४५ मध्यें तेरेझीनला नेलें होतें. ते व एव्हा मुक्ततेनंतर घरीं परतले. आई प्रागमध्येंच होती. घर तेंच, माणसें तींच, वाट पाहणारीं. परतलेल्यांच्या याद्या त्या वेळीं होत होत्या. हरवलेल्यांचा शोध घेण्यासाठीं दोस्त राष्ट्रांनीं कचेरी काढली, जिचा संग्रह जर्मनींत आरोल्सेन येथें असून त्यांत पावणेदोन कोटी माणसांविषयींचे सुमारें तीन कोटी कागद आहेत. जो मुलगा दर आठवड्यास अंक काढी व दर महिन्यास आपल्या अभ्यासाचा हिशेब लिही, तो जिवंत असता तर त्याच्या हातचें एक अक्षर तरी ह्या घरीं आलें असतें. येथें घट असता तर दिसलाच असता. येथील अभाव हा खरा पुरावा आहे. त्याला जोड शब्दप्रमाणाची: वांचून आलेल्या एकाची साक्ष कुटुंबास पुढें मिळाली कीं पेत्र वायुगृहाकडे गेला. पण ही साक्ष क्षणभर बाजूस ठेविली तरी निर्णय बदलत नाहीं, हें मला येथें मुद्दाम सांगावयाचें आहे.

मरणाची तारीख तरीहि उरतेच. प्रागच्या पिंकास प्रार्थनामंदिराच्या भिंतींवर बोहेमिया व मोराविया येथील सुमारें ७८,००० मृतांचीं नांवें रंगविलेलीं आहेत. १९५४ ते १९५९ या काळांत तीं प्रथम लिहिलीं गेलीं. १९६८ मध्यें इमारत बंद होऊन तीं पुसलीं गेलीं, आणि १९९२ ते १९९६ च्या दरम्यान पुन्हां लिहिलीं गेलीं. नांव, जन्मतारीख, आणि मरणतारखेच्या जागीं बहुतेक ठिकाणीं शेवटच्या पाठवणीची तारीख, असा त्या लेखाचा नमुना आहे. आपले धर्मशास्त्राचे निबंधकारहि याच मुक्कामास पोंचले आहेत. देशांतरीं गेलेल्याची मृततिथि व मास दोन्ही अज्ञात असतील तर प्रस्थानाचा दिवस व मास धरून श्राद्ध करावें, तोहि ठाऊक नसेल तर वार्ता ऐकल्याचा, असा निर्णय ते देतात. प्रागच्या भिंतीवर लिहिणाऱ्यांनीं आमचे निबंध वाचले नव्हते; अडचण तीच म्हणून तोडगा तोच.

रोजनिशी हातीं कशी आली ती हकीकत संग्राहकांच्या कामाची आहे. तेरेझीनमध्यें काढलेलीं चित्रें वडिलांनीं जपलीं व पुढें यरुशलेम येथील याद वाशेम या स्मारकसंस्थेस दिलीं. प्रागच्या वह्यांचा मात्र साठ वर्षें पत्ता नव्हता. २००३ सालीं इस्रायलचा पहिला अंतराळवीर इलान रामोन, ज्याची आई आउश्विट्झहून वांचलेली होती, त्यानें चंद्राच्या त्या चित्राची नक्कल कोलंबिया या यानांतून बरोबर नेली. १ फेब्रुवारी २००३ रोजीं परत येतांना तें यान फुटून सातहि जण मरण पावले. तो पेत्रचा पंचाहत्तरावा जन्मदिवस होता. ह्या योगायोगास मी कोणताहि अर्थ देत नाहीं. परंतु त्याचा परिणाम झाला. त्या निमित्तानें पेत्रचें नांव व चित्र वृत्तपत्रांतून सर्वत्र गेलें, आणि प्रागच्या मोद्झानी भागांतील जुन्या घरांत सांपडलेल्या कांहीं वह्या व चित्रें ज्या गृहस्थाजवळ होतीं त्याला त्यांवरचें नांव ओळखीचें वाटलें. त्यानें याद वाशेमला कळविलें. एव्हा, जी आतां हावा प्रेसबुर्गर या नांवानें इस्रायलमध्यें चित्रकार म्हणून प्रसिद्ध झालेली होती, तिनें नमुना पाहतांच अक्षर ओळखलें. अक्षराची ओळख, कागदाचा प्रकार आणि वर सांगितलेला तारखांचा मेळ, अशा तिन्ही कसोट्यांस वह्या उतरल्या. वह्या नेमक्या ओळखल्या गेल्या याचें निम्में श्रेय त्या गृहस्थास दिलें पाहिजे: नांव वाचतां येत नाहीं, कामाचें दिसत नाहीं, म्हणून जुना कागद त्यानें फेंकून दिला नाहीं. आपल्याकडे वाड्यांच्या माळ्यांवरून रद्दींत गेलेलीं रुमालें ज्यांनीं पाहिलीं आहेत त्यांस याहून अधिक सांगणें नको.

बहिणीनें संपादिलेली रोजनिशी चेक भाषेंत २००४ सालीं व इंग्रजींत २००७ सालीं प्रसिद्ध झाली. 'वेदेम'मधील निवडक भाग त्याआधीं, १९९५ च्या सुमारास, छापले गेले होते. तेरेझीनच्या बंद्यांची नांववार सूची दोन खंडांत १९९५ सालीं निघाली असून तिच्यांतील नोंदी आतां संगणकावरहि पाहतां येतात. ज्यांस मूळ कागद ताडून पाहावयाचे असतील त्यांनीं 'वेदेम'ची मूळ प्रत तेरेझीनच्या स्मारकसंस्थेंत व चंद्राचें चित्र यरुशलेमला याद वाशेममध्यें आहे हें ध्यानांत ठेवावें. आणि नांव शोधतांना अक्षरांची खूण आधीं पाहावी, कारण एकाच नांवाचीं अनेक माणसें त्या सूचींत आहेत, परंतु पाठवणीचीं अक्षरें व अनुक्रमांक मिळून होणारी खूण दोघांची एक नाहीं.